बिनगळाचा बेडूक

वृषभने रबरी बेडूक तळहातावर उलटा केला, पोटाखाली दडवलेले दोन्ही गळ बोटाने चाचपले आणि विचारलं,

"ह्ये गळ काढून देशील काय?"

दुकानदार साईराज रिळाला तेल देत होता. त्याचा हात थांबला.

"गळ काढला तर मासा कसा लागंल, अण्णा?"

"लागाय न्हाय पायजे."

बेळगावात मासेमारीच्या सामानाचं दुकान थाटलं म्हणजे तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं यायचीच, पण असलं हे पहिलंच. तरी नवशिक्याला जे सांगायचं असतं ते साईराजने सगळं सांगून टाकलं. पाणी गढूळ असेल तर पिवळंधमक आमिष घ्यावं, नितळ असेल तर चंदेरी. शेवाळ असेल तर बेडूक बरा. वरच तरंगतो, कुठे अडकत नाही. आणि मरळ तर बेडकावर तुटून पडते.

"तुटून पडणारं नगं. ज्याच्याकडं मासं ढुंकून बघत न्हाईत, असलं कुठलं हाय?"

"असली लई हाईत की! गिऱ्हाइकं शिव्या घालत परत आणत्यात."

साईराज एकटाच हसला. वृषभला हसायचंही त्राण नव्हतं. निपाणीहून तो बसमध्ये उभ्याने आला होता. गावातच हे घेतलं असतं तर बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, दारापर्यंत बोभाटा झाला असता. शांतिनाथ आप्पांच्या घरात कांदासुद्धा शिजत नव्हता, आणि त्यांचा मुलगा गळ घेतोय म्हणजे काय! त्याने पिवळा बेडूक घेतला, रंग उडालेला एक लाकडी मासा घेतला, दुमडता येणारी काठी घेतली. साईराजने पक्कड घेऊन गळ उपटले आणि मान हलवत सगळं पिशवीत भरून दिलं.

आप्पांना अर्धांगवायू झाल्यापासून त्या घराची रयाच गेली होती. दिवसा श्रद्धा त्यांचं करायची. वखारीतून आला की वृषभ. भरवायचं, पुसायचं, दर थोड्या वेळाने कूस बदलायची. दोघं नवरा-बायको समोरासमोर यायचे ते कूस बदलताना, पलंगाच्या दोन बाजूंना. बोलायचे तेही औषधाचं, नाहीतर चादरीचं. आप्पांचं मात्र एकच चालू असायचं, "वृषभ... वृषभ..."

एका रविवारी तो गावाबाहेरच्या तळ्यावर जाऊन नुसता बसला होता. बसायला काय लागतं? पण काही कारण नसताना, रिकाम्या हातांनी, पाण्याकडे बघत बसलेला माणूस लोकांना बघवत नाही. म्हशी राखणाऱ्या भावकूने घाबरून फोन केले, दोन मोटारसायकली धावत आल्या, आणि वृषभला धरून घरी नेऊन पोचवलं. श्रद्धा उंबऱ्यात रडत उभी होती. त्यानंतर तो बाहेर पडला की कुठे, कशाला, किती वेळ, हे तीन प्रश्न ठरलेले. आणि त्याच तळ्याच्या पलीकडच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्यांना दिवसभर कुणी हटकत नव्हतं.

आता वृषभही त्यांच्यातला झाला. बेडूक पाण्यावर फेकायचा आणि बसायचं. भावकू म्हशींमागून जाताना विचारायचा,

"लागलं काय, अण्णा?"

"न्हाय अजून."

एवढ्यावर भागायचं. कुणी काळजी करत नव्हतं, कुणी बोलावत नव्हतं. एकदा तर त्याला बसल्या जागी गाढ झोप लागली. जागा झाला तेव्हा इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच शरम वाटली.

असे काही रविवार सुखाचे गेले. मग एका संध्याकाळी तो वखारीतून आला, तर श्रद्धा बाहेरच्या पायरीवर बसलेली. समोर त्याने लपवलेली बेडकाची पिशवी. तसली वस्तू तिने घरात ठेवून घेतली नव्हती.

"बस्तीत बायका सांगत हुत्या. मी म्हटलं, आमचं मालक न्हवंतच त्ये."

"बघ तरी. गळ न्हाय त्याला."

तिने बेडूक उलटा केला, मग लाकडी मासा. बोट फिरवून खात्री केली.

"नुसतं बसाय जाता?"

"व्हय."

"त्या दिवशी मी रडले न्हवं, त्ये भ्याले म्हणून न्हाय," ती खाली बघत म्हणाली. "राग आलता मला. म्हटलं, मला ह्यात टाकून एकटंच सुटाय निघालं."

वृषभला तिच्या शेजारी बसावंसं वाटलं, पण आतून हाक आली, "वृषभ..." आणि सवयीने दोघंही एकदमच उठले.

रविवारी दुपारी तिनेच पिशवी काढली.

"आज आप्पांजवळ तुम्ही बसा. पाणी गढूळ हाय का नितळ?"

"गढूळ. पिवळा ने."

"पिवळा लई उठून दिसतोय," म्हणत तिने रंग उडालेला मासाच उचलला. "कुणी इचारलं तर सांगीन, मालकाला मासं लई आवडत्यात."

कितीतरी दिवसांनी तो खळखळून हसला.

ती गेली. त्याने आप्पांना पेज भरवली, अंग पुसलं, एकट्याने कूस बदलली. एका माणसाला ते किती जड जातं हे त्याला पहिल्यांदाच कळलं. दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून त्याने तिचं ताट वाढून झाकून ठेवलं. ऊन भिंतीवरून सरकत वर गेलं, तरी ती आली नाही. त्याने गाडीची किल्ली काढली, परत ठेवली, पुन्हा काढली. तेवढ्यात भावकूचा फोन आला.

"अण्णा, वैनी एकट्याच बसल्यात तळ्यावर. काय झालंय काय घरात?"

"हातात काठी हाय न्हवं तिच्या?"

"काठी पिशवीतच हाय की. काढलीच न्हाय त्यांनी. नुसतं पाण्याकडं बघत बसल्यात. माणसं बोलवू काय?"

वृषभ किल्ली घेऊन दारापर्यंत गेला.

"नगं," तो शेवटी म्हणाला. "माणसं नगंत. तू जरा लांबच थांब भावकू, तिला दिसणार न्हाईस असा. आणि तिला बसू दे."

त्याने किल्ली खुंटीला अडकवली आणि आप्पांची कूस बदलायला आत गेला.