न धुतलेला ठसा

नारायणराव डॉक्टरनं ठसा टेबलावर टाकला, तेव्हाच कल्याणप्पाचं डोकं फिरलं. ठसा म्हणजे आण्णासाहेब पेशकारांच्या तोंडात दाबून काढलेली तपकिरी मेणाची वडी. तिच्यात प्लास्टर ओतून कल्याणप्पा जबडा करायचा आणि त्यावर कवळी बसवायचा. पूर्वी तो गळ्यातलं लिंग ठेवायच्या चांदीच्या करडग्या घडवायचा. जगात लढाई पेटली, चांदी महागली, आणि नळदुर्गातला हा कसबी माणूस लोकांचे दात करायला लागला. हात गुणाचा, तोंड मात्र तिखट.

वडीच्या खाचेत लाळेबरोबर रक्त आणि पू चिकटला होता.

"हे धुतलंय म्हंता?"

"धुतलंय."

"कशानं? थुकीनं? कार्बोलिकात बुडवून देत जा म्हणून तीन डाव सांगितलं."

"बाटली करोडगिरीच्या नाक्यावर जकातीपायी अडकली आहे. सोलापुराहून काहीही आणायचं तर त्या लोकांचे पाय धरावे लागतात. आणि पेशकारांना बुधवारी दात पाहिजेत. जमत नसेल तर जा, करडग्या ठोकत बस."

ही वडी याच्याच नरड्यात कोंबावी, असं कल्याणप्पाला वाटलं. पण पेशकार पडला तहसिलीतला माणूस. त्याच्याशी वाकडं घेऊन गावात राहायची सोय नव्हती. दातओठ खात त्यानं वडी फडक्यात गुंडाळली.

घरी त्यानं वडीवर दोन तांबे पाणी ओतलं, ती डाव्या तळहातावर धरली आणि चाकूनं कडा तासायला बसला. राग अजून हातात होता. चाकू सटकला आणि वडीतून थेट तळव्यात गेला. त्यानं डॉक्टरच्या सात पिढ्या उद्धारल्या, चिंधी बांधली आणि काम पुरं केलं.

सकाळी अंघोळ करून तो पूजेला बसला, तशी त्याची बायको इरम्मा म्हणाली, "हात फाटलाय. आज ऱ्हाऊ द्या की."

"लिंगाची पूजा चुकवू? भस्म लावलंय जखमंला. काय होत न्हाय."

चिंधी सोडून त्यानं डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, वरून पाणी घातलं. पाच वर्षांची शिवकांता समोर ओंजळ करून बसलेली. बापाच्या हातचं तीर्थ घेतल्याबिगर पोर भाकरीला हात लावत नसे. त्यानं ते तिच्या ओंजळीत सोडलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही सोडलं. तोवर तळवा सुजून टरटरला होता आणि भस्माच्या कडेनं पिवळं पाणी सुटत होतं. डॉक्टरच्या वडीत नाक खुपसून घाण शोधणाऱ्या या शहाण्यानं देवाखालचा आपला हात मात्र एकदाही नीट बघितला नाही.

चौथ्या दिवशी शिवकांताला सणकून ताप भरला. घसा इतका सुजला की थुंकी गिळवेना. कल्याणप्पानं तिला खांद्यावर टाकलं आणि तरातरा डॉक्टरच्या दारात गेला.

डॉक्टर हात धूत होता. वाटीतल्या पाण्याला कार्बोलिकचा उग्र वास येत होता, आणि फळीवर अर्धी बाटली होती.

"नाक्यावर अडकली व्हती न्हवं?"

डॉक्टरनं नजर चुकवली. "एवढीच शिल्लक होती. माझ्या हातांना लागते."

"तुमचे हात तेवढे हात. आन आमचे?"

डॉक्टरनं पोरीला पुढं घेतलं. पोरीचं तोंड उघडून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्याची नजर कल्याणप्पाच्या तळव्यावर गेली.

"हे कधीचं?"

"तुमच्या वडीचं."

"मुलीनं वडीला हात लावला होता?"

"न्हाय."

"मग तीच घाण हिच्या घशात कशी गेली?"

कल्याणप्पानं शिवी द्यायला तोंड उघडलं. तीन सकाळी त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. ओंजळ, पाणी, पोरीचे मिटलेले डोळे.

"मोटर मिळेल ती धर आणि सोलापूरच्या दवाखान्यात ने," डॉक्टर म्हणाला. "आत्ता."

सोलापुरात बावीस दिवस लागले. पोर वाचली. तळवा चिरून कल्याणप्पाचाही हात वाचला, पण दोन बोटं वाकडी झाली ती कायमची.

दवाखान्यात इरम्मानं विचारलं होतं, "कुनी केलं हे माझ्या लेकराला?"

डॉक्टरचं नाव जिभेवर होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण ते एकटं सांगायला त्याची जीभ रेटेना. "वडी डॉक्टरची," तो म्हणाला. "तीर्थ माझं."

इरम्मा उठली. तिनं पोर त्याच्या मांडीवरून उचलली आणि पलीकडं जाऊन बसली.

त्यानंतर कल्याणप्पा येईल तो ठसा आधी कार्बोलिकात बुडवी, मगच हात लावी. कुणी घाई केली तर ठसा अंगावर भिरकावी. डॉक्टरशी त्यानं पुन्हा शब्द काढला नाही. घरात तीर्थ आता इरम्मा देई, तिच्या गळ्यातल्या लिंगाचं, तिच्या हातानं.

एका सकाळी पूजा उरकून त्यानं शिवकांताला जवळ बोलावलं. पोर दोन पावलं आली आणि थांबली. तिनं आधी त्याचा डावा तळवा बघितला, मग आईकडं बघितलं.

इरम्मानं नकाराची मान हलवली, आणि पोर होती तिथंच उभी राहिली.