वाजती का?

खंडेरावांनी ढिगातली खालची काडी ओढली आणि ती हातातच मोडली. आतून वाळवीने पोखरलेली होती. ती भिरकावायला त्यांनी हात उचलला, पण बांधाच्या पलीकडे सावळीराम मास्तरांची बाग होती. हात खाली घेऊन त्यांनी ती अलीकडेच टाकली आणि छाटणीच्या काड्यांचा तो सगळा ढीग उलगडायला घेतला. पोखरलेल्या बाजूला, चांगल्या पुन्हा वर. दिवाळीपासून हेच चाललं होतं. ढीग रचायचा, थंडीची वाट बघायची, वाळवी लागली की पुन्हा रचायचा.

"आप्पा, ऊन केवढं चढलंय. स्वेटर तरी काढा," बागेत कामाला येणारी सुलाबाई म्हणाली. खंडेरावांच्या दोन वेळच्या भाकरीही तीच टाकून जायची, त्यामुळे तिला बोलायचा अधिकार होता.

"पौष महिना हाय."

"महिना पौषच हाय. थंडी कुठं हाय?"

खंडेरावांनी स्वेटरच्या बाहीने कपाळावरचा घाम पुसला आणि ते कामाला लागले. हा माणूस थंडीवर रुसला होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. उलट ती यावी म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. द्राक्षवाल्याने थंडी यावी म्हणून झुरणं हा शुद्ध वेडेपणा झाला, आणि तो त्यांना कळतही होता.

दिंडोरीकडच्या या शिवारात पौष-माघाच्या थंडीत द्राक्षबागेला फार जपावं लागतं. पारा घसरला की भरात आलेले मणी तडकतात. त्यावर उपाय एकच, पहाटे बांधावर काड्या आणि ओलं गवत पेटवून धूर करायचा. धूर वेलींवर गोधडीसारखा पडून राहतो आणि आतली ऊब धरतो. पण एकट्याच्या धुराने काही साधत नाही, वाऱ्याची एक झुळूक आली की तो गेला. शिवारभर झाला तरच टिकतो. म्हणून ज्याला आधी जाग येईल त्याने बांधावर उभं राहून शेजाऱ्याला हाक द्यायची, "वाजती का?" शेजाऱ्याने अंगावरचं पांघरूण फेकून म्हणायचं, "वाजती!" आणि पुढच्या बांधाकडे तोंड करून तीच हाक पुढे सरकवायची. घटकाभरात सगळं शिवार धुराखाली.

या हाकेला थट्टा चालत नाही. पारावर, लग्नात, सोसायटीच्या निवडणुकीत कोणी कोणाची हवी तेवढी टोपी उडवावी. पण "वाजती का?" विचारलं की खरं तेच सांगायचं. हे कोणाला शिकवावं लागत नाही.

सावळीराम मास्तरांना मात्र सगळंच शिकवावं लागलं होतं. भूगोल शिकवून रिटायर झालेला हा माणूस वडिलांच्या जमिनीत द्राक्षं लावायला आला, तेव्हा त्याला छाटणीची कात्री धड धरता येत नव्हती. ती खंडेरावांनी धरवली. खंडेरावांची बायको नवसाबाई तेव्हा नुकतीच गेली होती, मुलगा महेश हैदराबादला. मास्तरांची बायको नाशकात सुनेच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती तिथेच रमली. दोन एकटी माणसं, मध्ये एक बांध. संध्याकाळी चहा एकाकडे झाला की पेपर दुसऱ्याकडे. दोघे तावातावाने भांडत आणि दुसऱ्या दिवशी तेच भांडण पुढे चालू करत. नवसाबाईनंतर खंडेरावांचं घर रिकामं झालं नाही ते या मास्तरांमुळे.

मग दोन हजार आठचा फेब्रुवारी आला. असा गारठा पडला की पाइपातलं पाणीसुद्धा हळू चालल्यासारखं वाटे. दूध डेअरीसमोर सकाळी माणसं कानटोप्या घालून चहा पीत उभी होती, आणि मास्तरांनी पेपर उघडून नको तो विषय काढला. पृथ्वी तापतेय म्हणाले, आणि ती माणूस तापवतोय.

खंडेरावांच्या बागेतले कडेचे घड आदल्याच पहाटे तडकले होते. त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरून विचारलं,

"मास्तर, दुनिया तापली तर माझे मणी कशानं फुटले?"

"ही चार दिवसांची थंडी आहे, खंडू. मी सांगतोय ते पन्नास-शंभर वर्षांचं."

"आन् माणूस एवढा मोठा कधी झाला? आभाळ तापवायला?"

"एकटा नाही तापवत. सगळे मिळून. कोळसा, डिझेल, जे जे जाळतो ते. त्यातला वायू वर साठतो आणि ऊब धरून ठेवतो. तूच शिकवलंस ना मला? एका बांधावरच्या धुराने काही होत नाही, पण शिवारभर केला की थंडी अडते."

हे खंडेरावांच्या वर्मी लागलं, कारण खरंच त्यांनीच शिकवलं होतं. सुचलं नाही की माणूस थट्टेवर येतो.

"ऐका रे," ते सगळ्यांकडे वळले. "माझ्या बांधावरच्या शेकोटीनं मास्तरचं आभाळ तापलंय. उद्यापासून भाकरीची चूलबी बंद."

सगळे हसले. मास्तरही हसले, पण पेपराची घडी जरा जास्तच नीट घालत बसले. एवढ्यावर थांबलं असतं तर संध्याकाळी चहाला भांडण पुढे चालू झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बांधावरून मास्तरांची हाक आली.

"खंडू, वाजती का?"

खंडेराव जागेच होते, दात वाजत होते. पण कालचं हसणं अजून अंगात होतं आणि पलीकडच्या बांधांवर ऐकणारी माणसं होती. ते ओरडले,

"नाय बा! दुनिया तापली ना!"

दूरवर कोणीतरी खो खो हसलं. खंडेरावांनी आपल्या काड्या पेटवल्या, पुढच्या बांधाला हाक दिली, धूर पसरला. फक्त मास्तरांच्या बांधावर अंधार राहिला. हाकेला 'नाही' आलं, तेव्हा ते काडी न ओढता घरात निघून गेले होते. त्यांच्या कडेच्या ओळीतले मणी त्या पहाटे तडकले. मास्तर त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पुढे कशाबद्दलच बोलले नाहीत.

खंडेरावांना वाटलं, चार दिवसांत निवळेल. मग वाटलं, हंगाम संपला की निवळेल. मास्तर समोरून आले तर मान हलवत, 'बरं आहे' म्हणत आणि पुढे जात. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. इथे तर भांडणच उरलं नव्हतं. माफी मागायला खंडेरावांना शंभरदा वाटलं, पण जन्मात कधी मागितली नव्हती, तिची सुरुवात कुठून करतात तेही ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी एक हिशेब मनाशी पक्का केला. थंडी आली की आपण आधी उठायचं. आपण हाक द्यायची. तिला तरी मास्तर उत्तर देतील, द्यावंच लागतं.

आणि यंदा थंडी आलीच नाही.

मार्गशीर्ष थंडीवाचूनच गेला. पौषात लोक पंखे लावून झोपले. शिवारात सगळे खूश, मणी टपोरे, धुराचा त्रास नाही. महेशचा फोन आला तेव्हा तोही म्हणाला, "बरंय ना आप्पा, यंदा शेकोट्यांची दगदग नाही."

"बरंय," खंडेराव म्हणाले. फोन ठेवल्यावर रिकाम्या घरात ते पुन्हा एकदा म्हणाले, "बरंय." त्यांना फार एकटं वाटत होतं.

ढीग नव्याने रचल्याच्या दुसऱ्या दिवशी ते पहाटेच उठले. बाहेर येऊन हवेत हात धरला. हात गार पडला नाही. गवतावर दव नव्हतं. त्यांनी आत जाऊन स्वेटर चढवला, कानटोपी घातली, मफलर गुंडाळला आणि ढिगाजवळ येऊन काडेपेटीची काडी ओढली. वाळलेल्या काड्यांनी भसकन पेट घेतला. वर ओलं गवत टाकल्यावर धूर उठला. मग ते बांधावर चढले. वर्षभर न वापरलेला हाकेचा आवाज आधी फुटेना.

"मास्तर! वाजती का?"

पलीकडून उत्तर आलं नाही. शिवारात एक कुत्रं भुंकलं आणि थांबलं. खंडेराव खाली उतरले, शेकोटीशी उकिडवे बसले आणि डोळे पुसले. धुराने पाणी येत होतं, नुसतं धुरानेच नव्हतं.

थोड्या वेळाने बॅटरीचा उजेड वेलींमधून हलत आला. मास्तर होते. अंगात नुसतं बनियन, हातात पाण्याची बादली.

"काय पेटलं?"

"काय नाय. धूर केलाय."

मास्तरांनी बादली खाली ठेवली. "थंडी कुठे आहे?"

"नाय आली," खंडेराव म्हणाले. बोलायचं होतं ते आता बोलून टाकावं म्हणून ते उभे राहिले. "तुझंच खरं होतं, मास्तर. दुनिया तापली. बघ ना, एकदाबी वाजली नाय यंदा. मी हरलो."

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"एका हिवाळ्यानं काही सिद्ध होत नाही, खंडू," ते म्हणाले. "चार दिवसांच्या थंडीनं मी खोटा ठरत नव्हतो, तर एका उबदार पौषानं खराही ठरत नाही. पन्नास वर्षांचं बघायचं असतं. ते बघून मी म्हणतोय."

खंडेरावांकडे देण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती, ती मास्तरांनी परत केली. मास्तरांनी वाकून बादलीची कडी धरली.

"मग ही शेकोटी कशाला केलीस?"

खंडेरावांच्या कानटोपीखालून घामाचा ओघळ गालावर आला. तो त्यांनी पुसला नाही.

"मला वाजती," ते म्हणाले.

मास्तरांनी बॅटरी त्यांच्या तोंडावर धरली. घाम बघितला, मफलर बघितला. बॅटरी विझवली. मग बादली होती तिथेच सोडून ते बांध ओलांडून अलीकडे आले, शेकोटीच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि उघड्या दंडांनिशी दोन्ही तळवे जाळाकडे धरले.

"वाजती," मास्तर म्हणाले.