ओघळ

"जमीन तुमची, नाना. ती सपाट करायला कुणाची ना नाही," सर्कलसाहेब म्हणाले. "पण वरच्या शेताच्या पाण्याची वाट बुजवता येत नाही, हे मी तुम्हाला काय शिकवणार? इथून ओघळ जात होती का, तेवढं सांगा."

वरच्या बांधापाशी झुंबरबाईच्या कपाशीत पोटरीइतकं पाणी साचलं होतं. झाडं पिवळी पडून माना टाकायला लागली होती. झुंबरबाई पितांबरच्या चुलतभावाची विधवा. तिनेच पारोळ्याला तहसील कचेरीत जाऊन अर्ज दिला होता.

"नव्हती साहेब," पितांबर म्हणाला.

"नव्हती?" झुंबरबाई पुढे आली. "नाना, तूच त सांगे ना गावले? वावर आपलं राही, पन पानी कोना बापनं नई!"

पंचनाम्याला आलेल्या पंचांपैकी एकजण हसला. ते वाक्य पितांबरचंच होतं. बंडिंग खात्यात मुकादमी करताना त्याने ते गावोगावच्या बांधांवर उभं राहून सांगितलं होतं, लोकांना ओघळी उकरायला लावल्या होत्या, वेळप्रसंगी शिव्याही दिल्या होत्या. आणि रिटायर झाल्यावर उन्हाळ्यात गावात बुलडोझर आला, तेव्हा याच गड्याला आपलं वावर तळहातासारखं एकसंध असावं असं वाटलं. एवढीशी ओघळ, नकाशातही नाही! ड्रायव्हरने विचारलंसुद्धा. पितांबरने हातानेच खूण केली, लोट माती.

"मुकादम म्हणतात नव्हती, म्हणजे नसेल," साहेबांनी लिहिलं. आयुष्यभर कमावलेला शब्द असा खोट्याच्या कामी आला. पितांबरला तिथल्या तिथे चिखलात रुतावंसं वाटलं. पण त्याने खाली मान घालून सही केली.

श्रावणातल्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसली. भाऊबंदांचा रोट झुंबरबाईच्याच घरी असे. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे मूठभर गहू मोजून त्याचा रोट करायचा आणि तो भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला घास नाही. आपली मूठ यंदा पडणार नाही, हे पितांबरने धरूनच ठेवलं होतं. तो दार लोटून आत बसला.

दिवेलागणीला झुंबरबाईच दारात आली.

"चाल, रोट खावाले."

"मी नई येस, वहिनी."

"कसा नई येस? गहू मोजताना तुनी मूठ टाकेल शे. ती आते कोन खाई?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पितांबर तिच्यामागे गेला आणि पंगतीत अगदी टोकाला बसला. ताटात रोट आला, खीर आली, गंगाफळाची भाजी आली. त्याने घास मोडला, पण तो तोंडापर्यंत जाईना. लाजेने त्याचे कान तापले होते.

"ओघळ व्हती," तो म्हणाला. "मीच बुजी टाकी. सकाळमा पारोळाले जास, सायबले सांगस."

पंगतीत कुणी दचकलं नाही.

"बठ्ठासले माहीत शे, नाना," झुंबरबाई वाढता वाढता म्हणाली. "खाय आते."

माहीत बठ्ठ्यांनाच होतं. सर्कलसाहेब सोडून सगळ्या गावाला. आणि तरी त्याची मूठ गव्हात पडली होती. पितांबरने मान वर न करता ताट संपवलं.

त्या घरच्या रीतीप्रमाणे रोट खाऊन हात धुतल्याचं पाणी कुणाच्या पायाखाली जाऊ द्यायचं नव्हतं. त्यासाठी अंगणात खड्डा खणलेला होता. पितांबर सगळ्यांच्या शेवटी उठला. खड्ड्याच्या काठाशी सैल माती ढासळून पाणी खड्ड्यात न जाता बाहेरच तुंबलं होतं. झुंबरबाई तांब्या घेऊन उभी होती.

तो खाली बसला. आधी बोटाने माती उकरून त्याने पाण्याला वाट करून दिली आणि मग हात पुढे धरले.