जाऊबाईची साखर

बारा वर्षांची होते तेव्हापासून मला साखर आहे. दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचते. बाळ हवं असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा आधी साडेसहाच्या खाली आणा, असं जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्याला वर्ष झालं. डोळे तपासून घेतले, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या, लग्नांतल्या पंगतीत गोडाला हात लावला नाही. आकडा सातावर अडून बसला.

आणि माझी धाकटी जाऊ पायल लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात गरोदर राहिली. तिला कुणीच काही बजावलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

पाचव्या महिन्यात पायलच्या रक्तात साखर निघाली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. म्हटलं, आता कळेल. पण बाईने भात सोडला, जेवल्यावर अंगणात चकरा मारल्या आणि पंधरा दिवसांत सगळं सरळ, एकही सुई न टोचता. सासूबाई विहारात बायकांना तिचे आकडे सांगत सुटल्या. माझा आजारसुद्धा तिला माझ्यापेक्षा चांगला जमला.

मग मीही पेटले. सासूबाई दोघींचे आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायच्या. तिचे नव्वद, तर माझे ऐंशी हवेत. इन्सुलिन तेवढंच घ्यायचे आणि ताटातली अर्धी भाकर गुपचूप परत ठेवायचे. शाळेत फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा, तरी बरं वाटायचं.

दीड महिन्याने एका सकाळी ओट्यापाशीच माझे पाय गेले. दरदरून घाम फुटला, समोरचं धड दिसेना. पायल पोट सांभाळत खाली बसली आणि साखरपाण्याचा पेला तिने माझ्या ओठांना लावला.

"ताई, बोलू नका, जल्दी प्या. मी तर सगळं तुमचं पाहूनच करून राह्यले."

तेव्हाही मी तिच्या पोटाकडेच बघत होते.

त्याच आठवड्यात सरासरीचा रिपोर्ट आला. सहा पॉइंट चार. माझा नवरा धम्मपाल दवाखान्यातच पेढ्यांचं बोलायला लागला. डॉक्टरीणबाई मात्र माझ्या रोजच्या साखरेच्या वहीतले पन्नास, अठ्ठेचाळीस, बावन्न वाचत राहिल्या. जेवण का टाळलंत, त्यांनी विचारलं.

"जावेवर जळून," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. साखर इतकी खाली जात असताना दिवस राहणं धोक्याचं आहे, म्हणाल्या. डोस बदलून देते, पोटभर जेवा आणि अजून तीन महिने थांबा.

पायलचे दिवस भरायलाही तेवढेच राहिले होते.