उकळत्या दुधातले जंतू

मेहुण्याची अक्कल गुडघ्यात आहे, हे ताईने धाकट्या बहिणीच्या लग्नातच ओळखलं होतं. ती आणखी खाली घसरू शकते, हे तिला त्या रविवारी कळलं.

आतड्यातल्या जंतूंचा आणि नैराश्याचा काय संबंध, याचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळेत ताई कामाला होती. आजारी माणसांचा मैला डबीतून यायचा. ताई तो पातळ करून काचेच्या बशीत पसरायची, बशी उबेला ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उगवलेले ठिपके मोजायची. नमुने कमी पडले तेव्हा तिला धाकटीची आठवण झाली. दोन वर्षं नैराश्यात असलेलं घरचंच माणूस, नाही कशाला म्हणेल? रविवारी ती रिकामी डबी घेऊन थडकली.

स्वयंपाकघरात मेहुणा दुधात कसलीशी पूड ढवळत होता. दूध रटारटा उकळत होतं.

"चांगले जंतू आहेत, ताई. आनंद म्हणे आतड्यातच तयार होतो. डॉक्टरांच्या गोळ्या महिन्यापूर्वीच बंद केल्या."

"पण उकळत्या दुधात?"

"गार दूध तिला बाधतं ना."

ताईने हसू कसंबसं गिळलं. बाजारातून जिवंत जंतू आणायचे आणि घरी त्यांना शिजवायचं! वर या दीडशहाण्याने परस्पर गोळ्या बंद केलेल्या. पण पुराव्याशिवाय बोलेल ती ताई कसली? तिने थोडं दूध आणि थोडी कोरडी पूड गुपचूप बाटल्यांत भरून घेतली.

बुधवारी संध्याकाळी ती दोन बश्या घेऊन परत आली. मेहुण्याची खरडपट्टी कशी काढायची, ते तिने बसमध्येच ठरवलं होतं. तो अजून यायचा होता. धाकटी पलंगावर बसली होती. तिने बऱ्याच दिवसांनी केस विंचरले होते, पण ताईचं लक्ष बश्यांकडे.

"ही पुडीची बशी, बघ किती ठिपके. आणि ही दुधाची. कोरी! महिनाभर मेलेले जंतू पितेयस तू. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!"

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली. "डब्यावर लिहिलंय, गार पाण्यातून घ्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तो लवकर उठून दूध तापवतो. निवेपर्यंत माझ्याजवळ बसतो. काही विचारत नाही, शहाणपण शिकवत नाही. आई म्हणाली, सुख टोचतंय. तू फोनवर म्हणालीस, ऊठ आणि कामाला लाग."

"अगं, पण गोळ्या..."

"त्यांचं सांग त्याला. चिडून सांग हवं तर. उद्याच डॉक्टरांकडे जाऊ आम्ही. दुधाचं मात्र सांगू नकोस."

"चूक आहे ते!"

"असू दे. ताई, दोन वर्षांत तू दोनदा आलीस. एकदा माझा मैला न्यायला, एकदा त्याची चूक दाखवायला."

दुसऱ्याचं म्हणणं खोडून काढण्यात ताईचा हात कोणी धरत नसे, पण यात खोडण्यासारखं काहीच नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. तेवढ्यात दारात किल्ली फिरली. तिने घाईघाईने बश्या पिशवीत कोंबल्या.

"अरे वा, ताई! आज कशा काय?" मेहुण्याने विचारलं.

"हिच्याजवळ बसायला आले," ताई म्हणाली, आणि धाकटीकडे न बघता पलंगाच्या कडेला टेकली.