अस्सल मिरिन

भंवरीबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण न वाचलेली वस्तू त्यांच्या तोंडात जात नसे. खोकल्याचं औषध असो, बिस्किटाचा पुडा असो, नाहीतर कुणी पाहुण्यानं आणलेलं चॉकलेट असो, ती वस्तू दोन्ही हातांत धरून त्या स्वयंपाकघराच्या दाराशी यायच्या आणि सुनेला म्हणायच्या, "हिना बेटा, बघ गं काय लिहिलंय." हिना पिठाच्या हातानं ती वस्तू उजेडात धरायची, बारीक अक्षरांवरून नजर फिरवायची आणि सांगायची, "चालेल, मम्मीजी." किंवा, "नाही चालणार." झालं. त्यावर दुसरा प्रश्न नाही. सोळा वर्षं हे असं चाललं होतं.

कांदा-लसूण, जमिनीखालचं काही, अंडं, हे तर त्या घरात कुणालाच चालत नव्हतं. पण भंवरीबाईंचा आणखी एक नेम होता आणि तो त्यांचा एकटीचा होता. माहेरी जामनेरला असताना त्यांचे काका दारूपायी गेले. कसे गेले ते त्या पोरीनं जवळून बघितलं. चौदाव्या वर्षी महासतीजींसमोर, म्हणजे जैन साध्वींसमोर, हात जोडून ती म्हणाली, दारूचा थेंब जन्मात पोटात जाऊ देणार नाही. आता त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. होमिओपॅथीच्या गोळ्यांवर स्पिरिट टाकतात हे कळल्यावर त्यांनी त्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यासुद्धा परत केल्या होत्या. एका थंडीत महिनाभर खोकल्या, पण अल्कोहोलवालं औषध घेतलं नाही. ते औषध 'नाही चालणार' असं हिनानंच वाचून सांगितलं होतं.

आता हिनाचं सांगते. हात गोड, जीभ गोड, फक्त जरा मिरवायची हौस. जळगावात नवऱ्याचं, अभयकुमारचं, सोन्याचं दुकान आणि वरच्या मजल्यावर हिनाचे स्वयंपाकाचे वर्ग. 'जैन मेक्सिकन' झालं, 'जैन थाई' झालं. आता तिला 'जैन जपानी' करायचं होतं. जळगावातल्या पंधरा-वीस बायका दर बुधवारी वही घेऊन यायच्या आणि "हिनाभाभी, तुम्हाला सुचतं तरी कसं?" म्हणायच्या. हिनाला ते ऐकायला फार आवडायचं. आपल्यापैकी कुणाला नाही आवडत?

तिचा भाऊ श्रेयांस ठिबक सिंचनाच्या कंपनीत होता आणि कामासाठी ओसाकाला गेला होता. जपानी स्वयंपाकात गोडीला आणि चकाकीला घालतात ते मिरिन हिनानं त्याला आणायला सांगितलं होतं. तिथल्या दुकानातून त्यानं व्हिडिओ कॉल लावला. त्याच्या दोन हातांत दोन बाटल्या होत्या.

"ताई, मिरिन दोन प्रकारचं आहे. हे स्वस्त. दुकानदार म्हणतो, हे मिरिनसारखं केलेलं. साखरेचा पाक वगैरे. आणि हे महाग, हे खरं मिरिन."

"सोन्याच्या घरात 'सारखं केलेलं' कशाला आणतोस रे?" हिना हसली. "अस्सल घे. आत काय आहे ते वाच फक्त."

श्रेयांसनं मोबाइल बाटलीवर धरून भाषांतर केलं. "चिकट तांदूळ, तांदळाचं विरजण आणि... शोचू."

"सोचूँ? कोण काय सोचतंय?"

"शोचू, ताई. असेल काहीतरी तांदळाचंच."

"मांस-मासा नाही ना? अंडं नाही ना? मग चालेल."

दोघं बहीणभाऊ त्या 'सोचूँ'वर खूप हसले. पण सोचलं मात्र दोघांपैकी एकानंही नाही.

बाटली आली. झाकण उघडल्यावर एक वास आला होता, हे हिनाला नंतर पक्कं आठवलं. गोड, पण नाकात जरा चढणारा. तिनं क्षणभर बाटली लांब धरली आणि मग स्वतःलाच समजावलं, परदेशी वस्तू आहे, वास असायचाच.

कच्ची केळी आपल्याकडे काय, हवी तेवढी. ती अर्धवट वाफवायची, तिरके जाड काप करायचे, तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल करायचे. मग सोया सॉस, मिरिन आणि सुंठीची चिमूट घालून रस आटवायचा. शेवटी आच बंद करून वरून एक चमचा कच्चंच मिरिन फिरवायचं आणि पांढरे तीळ टाकायचे. कापांवर अशी चकाकी यायची की अभयकुमार म्हणाला, "याला पॉलिश कुणी केलं?"

भंवरीबाईंचे दात हलायला लागले होते. हे काप मऊ, गोड. पहिल्याच दिवशी त्यांनी बोट चाटलं. "गूळ घातलास का गं?" त्या दिवसापासून तीन आठवडे, एक दिवसाआड, सूर्य मावळायच्या आत त्यांच्या ताटात केळ्याचे काप असायचे. हिना कौतुकानं वाढायची.

जानेवारीत धुळ्याला, देवपुरात, महिला मंडळाची पाककला स्पर्धा होती. विषय, परदेशी पदार्थ, जैन पद्धतीनं. हिनानं नाव दिलं. भंवरीबाई म्हणाल्या, "मी पण येते." गुडघे दुखत होते तरी ड्रायव्हर सुकदेवच्या गाडीत पुढे बसून आल्या आणि सभागृहात पहिल्या रांगेत खुर्ची पकडली.

परीक्षक होती दिपमाला, हॉटेलच्या शिक्षणाच्या कॉलेजात शिकवणारी. स्वभावानं बरी बाई. तिनं एक काप खाल्ला, डोळे मिटले, दुसरा खाल्ला. मग टेबलावरची बाटली उचलून फिरवून बघितली आणि हिनाच्या कानाशी वाकली.

"ताई, रागावू नका. हे खरं मिरिन आहे. तांदळाची वाइनच म्हणा ना. शोचू म्हणजे तिकडची दारू. चौदा टक्के आहे यात. तुम्ही ते साधं, 'मिरिनसारखं' असतं ते घ्यायला हवं होतं. त्यात अल्कोहोल नावालाच असतं."

हिनानं बाटली पटकन आपल्याकडे ओढली. "पण... शिजल्यावर उडून जातं ना?"

"उकळलं की बरंच जातं. सगळं नाही. आणि कृतीत लिहिलंय, तुम्ही तर वरून कच्चं घातलंत. मी बोलत नाही कुणाला. चव अप्रतिम आहे."

पहिल्या रांगेतून भंवरीबाईंनी मान उंच केली. "काय म्हणाल्या गं त्या?"

बघा हं, इथे. इथे एक वाक्य बोलायचं होतं. हिना म्हणाली, "काही नाही, मम्मीजी. चव छान आहे म्हणाल्या."

पहिलं बक्षीस हिनालाच मिळालं, चांदीची वाटी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माइक भंवरीबाईंच्या हातात दिला, सासूबाईंनी दोन शब्द बोलावेत म्हणून. त्या कधी माइकवर बोलल्या नव्हत्या. माइक तोंडाला अगदी चिकटवून म्हणाल्या, "मला वाचता येत नाही. माझी सून वाचते आणि मला खाऊ घालते. मी डोळे मिटून खाते." एवढंच बोलून त्यांनी माइक परत दिला. बायकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. हिनाला वाटलं, ही जमीन दुभंगेल तर बरं.

परतीच्या वाटेवर पारोळ्याजवळ ऊन उतरलं. भंवरीबाईंनी मागे वळून विचारलं, "डब्यात काप राहिलेत ना? दिवस मावळायच्या आत खाऊन घेते. सुकदेव, वेळ आहे ना रे?"

"अजून येळ शे अक्का," सुकदेव म्हणाला आणि त्यानं गाडी सावलीत घेतली.

डबा हिनाच्या मांडीवर होता. आत तीन काप होते. तिच्या जिभेवर शब्द आला होता, खरंच आला होता. पण पुढे सुकदेव बसलेला, पर्समध्ये चांदीची वाटी, कानात त्या टाळ्या. ती म्हणाली, "नका खाऊ, मम्मीजी. गार झालेत."

"गार झाले म्हणून काय झालं? तुझ्या हातचे आहेत."

त्यांनी डबा घेतला. एक काप खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा सुकदेवला दिला. हिना खिडकीतून बाहेर बघत राहिली, लाजेनं तिची मान वळत नव्हती. बाई, निदान हात तरी धरायचास! पण नाही धरला. एरंडोल गेलं, जळगाव आलं.

घरी आल्यावर भंवरीबाई आसन टाकून संध्याकाळच्या प्रतिक्रमणाला बसल्या. दिवसभरात जाणता-अजाणता जे चुकलं त्याची माफी मागायची, हा त्यांचा रोजचा पाठ. त्यांनी तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधायला घेतली तशी हिना समोर येऊन जमिनीवरच बसली.

"मम्मीजी, त्या मिरिनमध्ये दारू आहे."

भंवरीबाईंचे हात थांबले. हिनानं सगळं सांगितलं. श्रेयांस, दोन बाटल्या, अस्सल-नकली, शोचू, वरून फिरवलेला चमचा. सांगताना रडली. अभयकुमार दारात येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "अगं, शिजल्यावर कितीसं राहतं? आणि तुला कुठे माहीत होतं?"

भंवरीबाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी हिनाला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"आज. धुळ्यात."

"पारोळ्याच्या आधी?"

हिनानं होकारार्थी मान हलवली.

"तीन आठवड्यांचं मी महासतीजींपुढे आलोयणात सांगेन," भंवरीबाई सावकाश म्हणाल्या. "अजाणता झालं. त्याचं प्रायश्चित्त मिळेल. ते दोन काप तू बघत होतीस." आणि त्यांनी मुहपत्ती बांधली.

दुसऱ्या दिवशी त्या साध्वी उतरतात त्या जैन स्थानकात गेल्या. महासतीजींनी तीन आयंबिल सांगितले, म्हणजे दिवसातून एकदा बसून, तूप-तेल, दूध, साखर, मसाला असलं काही नसलेलं उकडलेलं अन्न. भंवरीबाईंनी पाच केले. वरचे दोन कशाचे, हे घरात कुणी विचारलं नाही. पाचही दिवस हिनानंच ते बिनचवीचं अन्न शिजवलं आणि त्यांनी ते खाल्लं. बुधवारचा वर्ग तिनं बंद केला. बायकांना सांगितलं, तब्येत बरी नाही. हेही खोटंच.

घरात भांडण नाही, अबोला नाही. सासूबाई पूर्वीसारख्याच "हिना बेटा" म्हणायच्या. मीठ दे, दार लाव, फोन वाजतोय बघ. हिनाला वाटायला लागलं, निवळलं सगळं.

फेब्रुवारीत भंवरीबाईंना खोकला झाला. अभयकुमारनं औषधाची बाटली आणून दिली. हिना पोळ्या लाटत होती. तिनं बाटलीच्या खोक्याचा आवाज ऐकला, पावलं ऐकली आणि पदराला हात पुसून ती उजेडाकडे वळली. दारात कुणी आलं नाही. पावलं जिन्याकडे गेली.

तिनं गॅलरीतून बघितलं. भंवरीबाई कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत दोन मजले उतरल्या. रस्ता ओलांडून समोरच्या भिकनच्या मेडिकलसमोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी बाटली त्याच्यापुढे धरली. भिकननं चष्मा लावला. रिक्षांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण त्या काय म्हणाल्या असतील ते हिनाला पाठ होतं.

वर यायला त्यांना बराच वेळ लागला. हिना पाण्याचा पेला घेऊन दारातच उभी होती. भंवरीबाईंनी धापा टाकत पेला घेतला, बसल्या, पाणी प्यायल्या. मग बाटली तिच्या हातात दिली.

"दोन चमचे दे," त्या म्हणाल्या. "भिकन म्हणाला, चालेल."