राहिलेले अकरा खिळे

मित्रांनो, मी कृष्णाकाठच्या एका गुऱ्हाळाची जुनी काहील आहे. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, पण अशी ऐसपैस की माझ्यात चार माणसं मांडी घालून जेवतील. इस्लामपूरच्या लोहारानं बेचाळीस खिळ्यांनी पत्रे जोडून मला घडवलं. वीस हंगाम मी चुलवाणावर तापले. गूळ पिवळाधमक उतरला की गुळव्याची वाहवा व्हायची, माझं नाव कोणी काढत नसे. असो. आगीला मात्र मी कधी भ्याले नाही.

भ्याले ती पाण्याला.

त्या वर्षी पुराचं पाणी ओढ्यात घुसलं आणि गावाचा रस्ता बुडाला. अशा वेळी माणसं पलीकडं न्यायला आमच्याकडं काहीलच पाण्यात सोडतात. नेमक्या त्याच सकाळी गुऱ्हाळाच्या मालकांच्या सुनेला, राजेश्वरीला, कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण पोर, नवरा फौजेत, तिकडं सीमेवर. दवाखान्याची गाडी पलीकडं थांबलेली. सासूनं, रंगूबाईनं, तिला माझ्यात बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. पीरमहंमद वेल्डर पोहत मला ढकलू लागला. माझ्या बुडाचं ठिगळ त्यानंच लावलेलं.

मध्यावर आलो आणि त्या ठिगळाच्या कडेनं पाणी झिरपू लागलं. ते बघून राजेश्वरी ओरडत उभी राहिली. इथंच माणसं चुकतात, मित्रांनो. काहील म्हणजे काही होडी नव्हे. एक जण उठला की ती कलंडते. माझी एक कड पाण्याखाली गेली. पीरमहंमदनं दुसऱ्या कडेला लोंबकळून मला कसंबसं सावरलं.

रंगूबाईनं सुनेला खाली बसवलं आणि तिचा तळवा माझ्या पत्र्यावर दाबून धरला.

"पाण्याकडं बघू नगंस. हाताखाली काय हाय?"

"पत्रा."

"गार लागतोय?"

"व्हय."

"मग अजून आपण बुडलो न्हाई. ह्यो खिळा एक. पुढचे तू मोज."

राजेश्वरी रडत रडत मोजू लागली. कळ आली की थांबायची, पण बोट त्या खिळ्यावरून हलवायची नाही. पाणी घोट्याला लागलं. तिची भीती काही गेली नाही, माझीही नाही. पण ती बसून राहिली म्हणून मी तरंगले. एकतिसाव्या खिळ्याला माझ्या बुडाला पलीकडच्या काठाचा चिखल लागला.

दवाखान्यात मुलगी झाली. तिचं नाव अपेक्षा.

आता गुऱ्हाळ बंद आहे. माझ्यात साठलेलं पाणी कोंबड्या पितात. भंगारवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा राजेश्वरीनं त्याला वाटेला लावलं. परवा तिच्या नवऱ्याचा चार दिवस फोन नव्हता. तेव्हा ती मुलीला घेऊन माझ्यात येऊन बसली, तळवा टेकवला, मोजू लागली. एकतीसला थांबली.

"आई, अजून अकरा हायत की," अपेक्षा म्हणाली.

"ऱ्हाऊ देत. पुढं लागतील."

मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख ठेवा असा माझा हट्ट नाही. तेवढे अकरा खिळे मात्र गंजू देऊ नका.